बोर्ड दिसतोय, तो फोटो नको

गेले तीन वीकांत काही लिहिलं नाही. पहिल्या वीकांताला रिलीज होतं. दुसऱ्याला ते रिलीज गडगडलं म्हणून रोलबॅक होता. तिसऱ्याला मात्र भरपूर वेळ होता, चहाही झाला होता, फक्त लिहायची हिंमत नव्हती. आज लिहून टाकतो, नाहीतर हे डोक्यात तसंच राहील आणि मी पुन्हा एखादा 'पावसातला लोकल प्रवास' छाप लेख लिहून मोकळा होईन.

तर झालं असं.

आमच्या शीवमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दरवर्षी डिसेंबरात एक कबड्डी स्पर्धा होते. तीन रात्री, फ्लडलाइटमध्ये, मातीवर. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि मॅट, झगमगाट, टीव्ही सगळं आलं. पण गल्लीतली कबड्डी अजून आहे तशीच आहे. म्हणजे अंगाला माती, मैदानाबाहेर वडापावची गाडी आणि माईकवर एक काका, जे प्रत्येक चढाईला "काय ही चपळाई!" असं म्हणतात. मी लहानपणापासून ही स्पर्धा बघतोय. खेळलो मात्र कधीच नाही. माझी शरीरयष्टी राखीव खेळाडूच्या जागीही शोभली नसती.

पण कॅमेरा आहे. पहिल्या नोकरीतला पहिला बोनस मी त्यात घातला, तेव्हा आई आठवडाभर बोलली नव्हती. यंदा मंडळाच्या दादांनी विचारलं, "काय इंजिनीयर, आपल्या स्पर्धेचे फोटो काढणार का? पैसे देऊ." मी हवेतच गेलो! दादांनी गळ्यात एक कार्ड घातलं. लॅमिनेशन केलेलं, निळ्या फितीचं, त्यावर 'अधिकृत छायाचित्रकार'. माझ्या कंपनीचं आयकार्ड मी लिफ्टमधून बाहेर पडलो की लगेच खिशात टाकतो. हे मात्र घरी जेवतानासुद्धा गळ्यात होतं.

स्पर्धेला यंदा मोठा प्रायोजक होता. एक बिल्डर. नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या चार-पाच जुन्या इमारतींचं काम त्याच्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी ज्या दोघा-तिघांची नावं चालली आहेत त्यातलाच हा एक. बाबा सोसायटीच्या कमिटीवर आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

प्रायोजकानं पैसे सढळ हातानं दिले. बक्षिसाची रक्कम दुप्पट झाली, खेळाडूंना जर्सी मिळाल्या, मुलींचे सामने पहिल्यांदाच झाले. हे सगळं चांगलंच. बदल्यात मैदानाच्या चारही बाजूंनी त्याचे बोर्ड. लोखंडी अँगलची चौकट, त्यावर फ्लेक्स. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ मीटर बाय १० मीटर. आजूबाजूला मोकळी जागा सोडायची असते. पण फोटोत नाव ठळक यावं म्हणून बोर्ड पुढे सरकवले होते. अंतिम रेषेपासून जेमतेम चार पावलं. मी ते शनिवारी संध्याकाळीच बघितलं होतं. मनात आलंही, जरा जवळ वाटतात. मग विचार केला, फ्रेममध्ये रंग चांगला भरतोय...

दुसऱ्या उपांत्य सामन्यात एक पोरगा चढाईला गेला. कुरियर कंपनीत काम करतो, प्रतीक्षा नगरचा. बोनस रेषेपर्यंत मस्त आत घुसला, दोघांनी पकड केली, आणि तिघेही त्या वेगात अंतिम रेषेबाहेर गेले. त्याची नडगी थेट अँगलवर. आवाज मला लेन्समागे ऐकू आला.

माझं बोट बटणावरच होतं. नऊ फ्रेम. मी मुद्दाम काढल्या नाहीत, बोट उचलायचं राहिलं. घरी येऊन बघितल्या तेव्हा पाचवी फ्रेम अशी होती, की माझ्या आयुष्यात तितका चांगला फोटो मी काढलेला नाही. पोराचा चेहरा, हवेतली माती, चौकटीवर आदळलेला पाय, आणि वरती बिल्डरचं पूर्ण नाव, फोन नंबरासकट, एकदम फोकसमध्ये.

पोराला सायन हॉस्पिटलला नेलं. सामना पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. दादा माझ्याजवळ आले, खांद्यावर हात टाकला आणि अगदी सहज म्हणाले, "ते आत्ताचं आलं का तुझ्याकडे?"

"हो, आलंय."

"बोर्ड दिसतोय?"

"दिसतोय."

"मग तो फोटो नको हं. ग्रुपवर पण नको."

मी बरं म्हणालो. इथपर्यंत एक वेळ ठीक होतं. पण अर्ध्या तासानं एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. त्याच्याकडे फोटोग्राफर नसतो, तो मोबाइलवर भागवतो. त्यानं विचारलं, "तो पोरगा पडला त्याचा फोटो मिळेल का?" आणि मी, गळ्यात अधिकृत छायाचित्रकाराचं कार्ड घालून, न अडखळता म्हणालो, "नाही हो. हलला. स्पष्ट नाही आला."

मंडळी, माझ्याकडे १/८०० शटर होतं. काही हललेलं नव्हतं.

...

आमच्या खालच्या मजल्यावर बाबांचे चुलतभाऊ राहतात. मी त्यांना नुसतं काका म्हणतो. तीसएक वर्षं वृत्तपत्रात छायाचित्रकार होते. आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत, सकाळी शीवच्या किल्ल्यापर्यंत हळूहळू जाऊन येतात, एवढाच काय तो फेरफटका. रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. नऊच्या नऊ फ्रेम दाखवल्या. पाचवीवर ते थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," म्हणाले. "कुठे देणार?"

मी झालेलं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत. उठून कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि नोव्हेंबर २०१२ सांगायला लागले.

तो आठवडा मलाही आठवतो. मी दहावीत होतो. शनिवारी, १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, मुंबई बंद होती. बुधवारी, २१ तारखेला येरवड्यात कसाबला फाशी दिली. आणि शुक्रवारी, २३ तारखेला वानखेडेवर भारत-इंग्लंड दुसरी कसोटी सुरू झाली. काका म्हणाले, "त्या आठवड्यात आम्ही घरी फक्त आंघोळीला यायचो."

आता गंमत बघा. रविवारी शिवाजी पार्कवर लाखोंची गर्दी, तिथे काका धक्के खात, जागा मिळेल तिथून फोटो काढत होते. कोणता फोटो छापायचा हे त्यांचं ऑफिस ठरवणार. आणि पाचच दिवसांनी वानखेडेवर, एका खेळाच्या सामन्याला, अर्धे फोटोग्राफर आतच नव्हते!

झालं होतं असं, की त्या मालिकेसाठी बीसीसीआयनं गेटी इमेजेस आणि अॅक्शन इमेजेस या छायाचित्र संस्थांना प्रवेशपत्रं नाकारली. मंडळाचं म्हणणं होतं की या काही बातम्या देणाऱ्या संस्था नव्हेत. या फोटो विकणाऱ्या कंपन्या आहेत, आमच्या खेळाडूंच्या फोटोंवर धंदा करतात. आणि फोटोच हवे असतील तर आम्ही देतो की, बातमीसाठी वापरा, फुकट! वृत्तसंस्था म्हणाल्या, कुणाला आत घ्यायचं हे तुम्ही असं निवडून ठरवणार असाल तर आम्हीही येत नाही. रॉयटर्स, एपी आणि एएफपी या तिघांनी मालिकेचे फोटो देणं थांबवलं. काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी तर मंडळाचे फुकटचे फोटोही नाकारले आणि संग्रहातले जुने फोटो छापले. म्हणजे बातमी आजच्या शतकाची आणि फोटो कुठल्या तरी जुन्या दौऱ्यातला. त्याच दौऱ्यात मैदानातल्या जागेच्या पैशांवरून स्काय वाहिनीशीही वाद झाला आणि स्कायच्या समालोचकांनी लंडनच्या स्टुडिओत बसून कॉमेंटरी केली.

आणि सामना कसला झाला! पीटरसनच्या १८६ धावा, कुकच्या १२२, पनेसरच्या सामन्यात ११ विकेट. इंग्लंड १० गडी राखून जिंकलं आणि पुढे मालिकाही जिंकली, १९८४-८५ नंतर पहिल्यांदा भारतात. सचिन आपल्याच मैदानावर दोन्ही डावांत ८ धावांवर बाद झाला, दोन्ही वेळा पनेसरनंच घेतला.

"तुम्ही आत होतात?" मी विचारलं.

"होतो ना. आमच्या पेपरला पास होता. पेपरनं पाठवलं, मी गेलो."

"आणि बाकीचे?"

काका जरा थांबले. "माझा एक दोस्त होता, एजन्सीत. आम्ही वीस वर्षं शेजारी शेजारी बसलोय, मैदानात, रेषेबाहेर. एकमेकांची बॅटरी वापरलीय, डबा खाल्लाय. सचिन बोल्ड झाला त्या संध्याकाळी त्यानं फोन केला, काय मिळालं रे, म्हणून. मी सांगितलं काय मिळालं ते. मग आम्ही दोघंही गप्प."

"तुम्ही जायला नको होतं असं वाटतं?"

"पगार पेपर देत होता. मी गेलो नसतो तर दुसरा गेला असता." मग म्हणाले, "तू पण हेच सांगायला आलायस ना माझ्याकडे? की तू नाही म्हणाला असतास तर दादांनी दुसरा कुणीतरी आणला असता?"

मी लॅपटॉप बंद केला.

...

त्या रात्री मी आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणे मूळ कारण शोधायला बसलो. सर्व्हर पडला की आपण विचारतो ना, का पडला, तो का पडला, त्याच्या आधी काय झालं. तसं.

पहिला प्रश्न, फोटो कुणाचा? आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यात साधं म्हटलंय की छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस. तो वृत्तपत्राच्या नोकरीत असेल तर छापण्यापुरता हक्क मालकाकडे जातो. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तेव्हा, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. २०१२ सालीच कायद्यात दुरुस्ती झाली आणि छायाचित्राचा हक्क इतर कलाकृतींसारखा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत गेला. पण यात मैदानाच्या मालकाचं नाव कुठेही नाही. मैदान माझं म्हणून तिथे काढलेला फोटो माझा, असं होत नाही.

मग क्रीडा मंडळ कशाच्या जोरावर अटी घालतं? फाटकाच्या. फोटो त्यांचा नाही, पण फाटक त्यांचं आहे. आत यायचं तर या कागदावर सही करा. आपण सॉफ्टवेअर टाकताना 'मला मान्य आहे' वर टिचकी मारतो, वाचत कुणीच नाही, अगदी तोच प्रकार. फरक इतकाच की इथे वाचलं तरी उपयोग नाही. सही नाही केली तर तुम्ही रस्त्यावर, आणि सामना तर आत चाललाय.

२००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा हाच वाद जास्त उघड झाला होता. पहिल्या मोसमाच्या प्रवेशपत्राच्या अटींवरून देशी-परदेशी वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रं भडकली होती. आम्ही काढलेले फोटो तुम्हाला फुकट का द्यायचे आणि क्रिकेटच्या वेबसाइटांना ते विकायचे नाहीत असं तुम्ही कोण सांगणार, हा मुद्दा होता. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, मी अकरा वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं की षटकार गेला की समालोचक 'डीएलएफ मॅक्सिमम' म्हणायचे आणि आम्ही गल्लीत टेनिस बॉलनं खेळतानाही तेच ओरडायचो. पाच वर्षांसाठी २०० कोटी देऊन घेतलेलं ते नाव आम्ही पोरं फुकटात गल्लीभर ओरडत होतो!

प्रायोजक वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुंबईचं क्रिकेट वाढलंच कंपन्यांच्या जिवावर. टाइम्स शील्डमध्ये ऑफिसांचे संघ खेळायचे, त्यासाठी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. गावसकर निरलॉनमध्ये होते. आणि ती ढालच मुळी एका वृत्तपत्राच्या नावाची. तेव्हा पैसा आणि पेपर यांचं नातं काही आज जुळलेलं नाही. मंडळाचं म्हणणंही अगदीच चूक नाही. खेळाडूचा फोटो बातमीच्या नावाखाली काढायचा आणि उद्या कॅलेंडरवर, साबणाच्या जाहिरातीवर विकायचा, हे थांबवायचा हक्क त्यांना असावाच. पण त्यासाठी अट घालता येते की जाहिरातीला विकू नका. त्यासाठी फोटोग्राफरलाच बाहेर ठेवून आपला माणूस आत बसवायची गरज नसते.

आपल्या माणसानं काय बिघडतं? त्या काळातले कितीतरी फोटो तुम्ही पाहिले असतील, ज्यांच्याखाली श्रेय म्हणून नुसतं 'बीसीसीआय' असायचं. उत्तम फोटो. काढणारेही कसलेले. प्रश्न त्यांच्या कसबाचा नाही. आमच्याकडे कोड लिहिणारा आणि तपासणारा वेगळा ठेवतात. लिहिणारा चोर असतो म्हणून नव्हे. त्याला स्वतःचा बग दिसत नाही, आणि दिसला तर सोमवारचं रिलीज आठवतं, म्हणून. टेस्टिंगची टीम जर डेव्हलपमेंटच्या मॅनेजरलाच उत्तर देत असेल तर रिपोर्ट नेहमी हिरवा येतो. हे मी आमच्या धंद्यात माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यात कुणी खोटं बोलत नाही. फक्त काही गोष्टी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहतात.

खेळात राहणाऱ्या गोष्टी कोणत्या? १९९६ चा विश्वचषक आठवा. नाव विल्स विश्वचषक, म्हणजे सिगारेटचं. १३ मार्चला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना, भारताचे गडी धडाधड पडले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, सामना श्रीलंकेला दिला गेला. आणि विनोद कांबळी रडत मैदानातून परतला. तो रडणारा कांबळी माझ्या जन्माआधीचा आहे, पण मला पाठ आहे. आयोजकानं स्वतः निवडून फोटो वाटले असते, तर जळत्या स्टँडचा फोटो त्या पाकिटात आला असता का?

आणि दुसरी गोष्ट २००८ चीच, पहिल्याच आयपीएलची. २५ एप्रिलला मोहालीत पंजाब-मुंबई सामना संपल्यावर हरभजननं श्रीशांतला थप्पड मारली. श्रीशांत रडताना सगळ्या देशानं बघितला, हरभजन उरलेल्या स्पर्धेतून बाहेर गेला. पण खुद्द थप्पड? ती प्रक्षेपणात दिसलीच नाही. तिचं चित्रीकरण होतं, सुरक्षा कॅमेऱ्यातलं, तेव्हाचे आयपीएलचे प्रमुख ललित मोदी यांच्याकडे. ते लोकांनी पाहिलं ऑगस्ट २०२५ मध्ये, मोदींनी एका पॉडकास्टच्या निमित्तानं ते बाहेर काढलं तेव्हा. सतरा वर्षांनी! ज्याच्या हातात चित्र, त्याच्या मर्जीनं आणि त्याच्या वेळेनं.

याच्या उलट आमच्या मुंबईतलंच एक उदाहरण. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर कसाबचा, हातात बंदूक घेतलेला फोटो काढला तो मुंबई मिररच्या सेबॅस्टियन डिसूझा यांनी. कुणी पाठवलं नव्हतं, पास नव्हता, गोळीबार ऐकून कॅमेरा घेऊन ते स्टेशनात गेले. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली, ते फोटो पुरावा म्हणून कोर्टासमोर आले. खेळाच्या मैदानाची त्याच्याशी तुलना नाही, मला कळतं. पण फोटो हा शेवटी साक्षीदार असतो, आणि साक्षीदार कोणत्या बाजूनं आणलाय यावर त्याच्या शब्दाचं वजन ठरतं, एवढंच म्हणायचंय.

राहता राहिला प्रश्न, क्रिकेट हा मंडळाचा खासगी मामला आहे का? सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ ला, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्याच खटल्यात, सांगितलं की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि २२ जानेवारी २०१५ ला याच न्यायालयानं म्हटलं की बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचं काम करते. देशाचा संघ निवडते, देशाच्या नावानं खेळवते. मग त्या कामाचे फोटो काढायला ती स्वतःच्या पसंतीचे डोळे कसे निवडते? मला तरी याचं उत्तर सुचत नाही.

२०१३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही हे भांडण चालूच राहिलं. प्रेक्षकांपैकी किती जणांना ते कळलं असेल? आम्हाला घरात नव्हतं कळलं, आणि आमच्या खालच्याच मजल्यावर फोटोग्राफर राहत होता.

...

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची वेस इथे संपायची, पलीकडे साष्टी. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या मधली रेघ. किल्ला बांधला तो त्यासाठीच. काकांबरोबर परवा किल्ल्यापर्यंत चालत गेलो तेव्हा ते म्हणाले, "आमचा धंदा सगळा हद्दीवरचा. मैदानात पाय टाकायचा नाही. आणि मैदानापासून लांबही जायचं नाही. तिथेच, रेषेला लागून बसायचं. आत ओढलं की संपलं, बाहेर काढलं की संपलं." पुढे जरा वेळानं, "कार्ड छान होतं तुझं. कुणी छापलं?"

"प्रायोजकानं."

"हं."

त्याच संध्याकाळी मी प्रतीक्षा नगरला गेलो. पोराच्या पायात पट्टी घातलीय, तीन महिने गाडी चालवायची नाही. म्हणजे तीन महिने कुरियरचं काम नाही. मी फोटो दाखवला. तो आधी हसला. "च्यायला, काय चढाई होती!" मग त्याच्या आईनं बघितला. तिनं बोर्डावरचं नाव वाचलं. म्हणाली, "हा कुठे देऊ नका हो. ऑपरेशनचे पैसे त्यांनीच भरले. अजून देणार आहेत."

मी तिथे काय बोलणार? प्रायोजकाचे पैसे खरे होते. पायातली पट्टी त्या पैशांची होती, आणि पायही त्याच बोर्डावर मोडला होता. मी लेख लिहून तत्त्वं सांगेन, भाड्याचा हप्ता तिला भरायचाय. पोरानं मात्र निघताना हळूच सांगितलं, "मला एक कॉपी दे. मोठी. नाव न कापता." मी 'ए थ्री' साइजमध्ये काढून दिली. एक अक्षर न कापता, वेळेच्या नोंदीसकट मूळ फाइलही पेनड्राइव्हवर दिली. त्यांचा पाय, त्यांचा फोटो. उद्या पैसे थांबले तर त्यांच्याकडे काहीतरी असेल. छापायचा की नाही, हे त्यांनी ठरवावं. दादांनी नाही, बिल्डरनं नाही आणि खरं तर मीही नाही.

दादांकडे जाऊन मानधनाचं पाकीट परत केलं. ते दुखावले. खरंच दुखावले, नाटक नव्हतं. म्हणाले, "अरे, मी काय वाईट केलं? पुढच्या वर्षी मुलींचे सामने बंद करू का सांग, प्रायोजक गेला तर." मी म्हटलं, प्रायोजक राहू दे. फक्त बोर्ड तीन मीटर मागे न्या, कडांना फोम लावा. फोटो मी काढीन, पण पैसे आणि कार्ड नको, आणि कुठला फोटो कुणाला द्यायचा ते मला विचारू नका. फोमचं त्यांनी लगेच मान्य केलं. बाकीचं 'बघू' म्हणाले. बाबांना हे सगळं कळलंय. ते काही बोलले नाहीत, फक्त जेवताना म्हणाले की कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे.

सगळ्यात शेवटी त्या वार्ताहराला फोन केला. हाच फोन मी तीन आठवडे टाळत होतो.

"फोटो होता माझ्याकडे. स्पष्ट होता. मी खोटं बोललो."

तो हसला. "माहीत होतं हो. एवढ्या मोठ्या लेन्समधून हलेल कसा? पण बातमी शिळी झाली आता. आणि तुमचा दुसरा फोटो छापला ना आम्ही, बघितला नाहीत?"

नव्हता बघितला. काकांकडे त्या पेपराचा अंक निघाला. पान सहा, खाली डाव्या कोपऱ्यात. बक्षीस समारंभ. करंडक, हार, दादा, प्रायोजक, विजेता संघ, आणि मागे तो बोर्ड, त्यावरचं पूर्ण नाव. खाली बारीक अक्षरात माझं नाव. पेपरात छापून आलेला माझा आयुष्यातला पहिला फोटो.

आईनं कात्रण कापून फ्रिजवर लावलंय. काढ म्हटलं तर काढत नाही. रोज सकाळी दूध काढताना ते दिसतं.

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार आहे, आणि ते रिलीज पुन्हा करायचंय.